सेल असेपर्यंत

संपादकांनी यंदा 'हातात मावणाऱ्या वस्तू' असा विषय काढला. कुणाला मनगटी घड्याळ मिळालं, कुणाला ट्रान्झिस्टर, कुणाला अडकित्ता. माझ्या वाट्याला निन्टेंडोचा गेम बॉय आला. या यंत्राचं जन्मगाव क्योटो. दिवाळी अंकाच्या मानधनात क्योटो बसत नाही, जोयडा बसतो. पण खर्चाचा हिशेब बाजूला ठेवला तरी मी जोयड्यालाच गेलो असतो. हातात धरून खेळायच्या यंत्राची परीक्षा प्लग असलेल्या घरात होत नाही. तिथे ते टीव्हीचं धाकटं भावंड म्हणून राहतं. जिथे भिंतीत प्लगच नव्हता, किंवा असला तरी पावसाळाभर त्यात जीव नव्हता, तिथे या यंत्राचं आणि त्याच्या भाऊबंदांचं काय झालं, हे मला बघायचं होतं.

जोयडा हा कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला, गोव्याला लागून असलेला जंगली तालुका. हा जिल्हा 1862 साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि 1956 च्या भाषावार रचनेपर्यंत मुंबईशीच बांधलेला राहिला. इथल्या मराठी शाळांची मुळं त्या काळात आहेत. घरात कोकणी, शाळेत मराठी किंवा कन्नड, बाजारात जी समोरच्याला कळेल ती. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि गणेशगुडीला 101 मीटर उंचीच्या सुपा धरणाशी अडते. जुनं सुपा गाव त्या पाण्याखाली गेलं. उठलेल्यांपैकी बरेच जण रामनगरला येऊन वसले. धरणाच्या पायथ्याला 50 मेगावॅटचे दोन संच आहेत, खाली नागझरीला त्याहून कितीतरी मोठं वीजघर आहे. ती वीज उंच मनोऱ्यांच्या तारांवरून तालुक्याच्या डोक्यावरून बाहेर जाते. आतल्या कुणबी आणि गवळी-धनगर वाड्यांवर मात्र कित्येक वर्षं रात्र काढायची ती रॉकेलच्या चिमणीवर आणि बॅटरीवर, म्हणजे सेलवर.

हा सेल लक्षात ठेवायचा. गेम बॉयची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

रामनगर, काउंटरच्या मागे

बेळगावहून खानापूर, लोंढा करत रामनगरला उतरलं की रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक अनमोडचा घाट उतरून गोव्यात जातो, दुसरा जगलबेटवरून जोयड्याकडे. या तिठ्याच्या गावात मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत तशी सगळीकडेच असतात. त्यातल्या एका दुकानात मी शिरलो, कारण मालकाचे केस पिकलेले होते. रेडिओ, टेप, मग सीडी, मग मोबाइल असा त्यांचा प्रवास असणार हा अंदाज खरा निघाला.

"गेम बॉय? नाव ऐकून आहे की. पण आमच्याकडं आला तो हा बघा," असं म्हणून त्यांनी खालच्या खणातून, जुन्या रिमोटांच्या आणि चार्जरच्या गुंत्यातून, एक मळलेला पिवळा डबा काढला. वर लिहिलेलं, 'ब्रिक गेम, 9999 इन 1'. पस्तिशी-चाळिशीतल्या वाचकाला याहून जास्त वर्णनाची गरज नाही. डावीकडे चार दिशांची चार बटणं, उजवीकडे विटा फिरवायचं एक मोठं बटण, मध्ये चार बारकी: चालू-बंद, सुरू-थांबा, आवाज, रीसेट. वरच्या काचेत दहा आडवी आणि वीस उभी अशी दोनशे चौकोनांची जागा.

नव्वदच्या दशकात आणि पुढेही काही वर्षं हे डबे इथे कुठून यायचे? मडगावच्या बाजारातून, बेळगावच्या खडे बाजारातून, आणि सगळ्यांत जास्त जत्रांतून. उळवीला माघात चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. धारवाड-बेळगावकडचे भाविक बैलगाड्या जोडून घाट चढून येतात. त्या गाड्यांच्या मागोमाग खेळणीवाले येतात, आणि प्लॅस्टिकच्या बंदुका व पिपाण्यांच्या राशीत हा खेळ टांगलेला असे. दुकानदारांच्या म्हणण्याप्रमाणे जत्रेनंतरचा पंधरवडा त्यांच्या धंद्याचा. "घेतला त्या दिवशी चालायचा, चौथ्या दिवशी एक बटण मरायचं. मग आई पोराला घेऊन दुकानात."

त्यांनी पेचकसाने डबा उघडून दाखवला. आत जवळजवळ काहीच नाही. एक पातळ पाटी, तिच्या मधोमध डांबरासारखा काळा थेंब, त्या थेंबाखाली चिप. बटणाखाली रबराची टोपी आणि तिच्या तळाला कार्बनची टिकली. बटण दाबलं की ती टिकली पाटीवरच्या दोन रेघा जोडते. टिकली झिजली की बटण मरतं. त्यावरचा त्यांचा उपाय असा: पाटी स्पिरिटने पुसायची आणि टिकलीवर शिसपेन्सिल घासायची. पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहतं, काम भागतं. "त्याचे पैसे काय घेणार? पेन्सिल पण पोराचीच."

मग सेलांचा विषय निघाला आणि दुकानात बसलेले आणखी दोघं बोलू लागले. या भागात सेलाला उतरंड होती. नवा सेल रेडिओत. रेडिओ घरघरू लागला की तेच सेल गेममध्ये. गेमच्या काचेवरच्या विटा फिकट पडल्या की भिंतीवरच्या घड्याळात. आणि घड्याळात घालण्याआधी एक दिवस पत्र्यावर, उन्हात. उन्हात तापवलेला सेल पुन्हा थोडा चालतो ही अंधश्रद्धा नाही. जस्त आणि कार्बनच्या साध्या सेलात वीज खेचताना झालेल्या क्रियेचे अवशेष कांडीभोवती साचतात आणि सेलाचा आतला विरोध वाढतो. सेलाला विसावा मिळाला की ते थोडे पांगतात. ऊब मिळाली की आतली हालचाल वेग घेते. रेडिओला लागते तेवढी वीज त्यातून मिळत नाही, पण ब्रिक गेमला लागते ती मिळते, कारण ब्रिक गेमला लागतंच किती? त्याच्या काचेमागे दिवा नाही. रेडिओने टाकलेल्या सेलांवर तो आणखी काही आठवडे काढू शकत असे.

एक अडचण मात्र होती. सेल काढले की उच्चांक पुसला जायचा. म्हणून एका वाडीवर पोरं आपापला आकडा ओसरीच्या भिंतीवर कोळशाने लिहीत, आणि दिवाळीला घर सारवलं की तोही जायचा.

पत्ते करणारी कंपनी

आता क्योटो. निन्टेंडो ही 1889 साली फुसाजिरो यामाउची यांनी सुरू केलेली पत्त्यांची कंपनी. हानाफुदा नावाचे जपानी पत्ते ती बनवी: बारा महिन्यांची बारा फुलंझाडं, प्रत्येकाची चार पानं, एकूण 48. आकडा कुठेच नाही. यामागचा इतिहास आपल्या अंगणातून जातो. पोर्तुगीज 1543 साली जपानला पोचले. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहूनच निघून कागोशिमाला गेले. त्या जहाजांतल्या खलाशांचे पत्ते जपानी लोकांनी उचलले. पुढे जुगार वाढतो म्हणून राज्यकर्त्यांनी पत्त्यांवर पुन्हा पुन्हा बंदी घातली आणि कारागिरांनी दर वेळी चित्रं बदलून नवे पत्ते काढले. आकड्यांऐवजी फुलं आली ती या लपंडावातून. अनमोडच्या घाटाखाली, जुन्या गोव्यात, झेवियर यांचं शव आहे. त्याच्या उत्तरेला सावंतवाडीत चितारी अजून हाताने गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफ्याची पानं 120, दहा अवतारांची बारा-बारा. सावंतवाडीचे पत्ते राजवाड्याच्या आश्रयाने तगले. क्योटोच्या पत्त्यांच्या कंपनीने मात्र 1965 साली एका तरुणाला कारखान्यातल्या यंत्रांची निगा राखायला नोकरीवर घेतलं, आणि पत्ते मागे पडले.

तरुणाचं नाव गुन्पेई योकोई, जन्म 1941. फावल्या वेळात त्याने लाकडी पट्ट्यांचा लांब होणारा एक चिमटा करून ठेवला होता. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. नोकरी जाईल असं योकोईला वाटलं, झालं उलट: 1966 मध्ये तो चिमटा 'अल्ट्रा हँड' नावाने खेळणं म्हणून बाजारात आला आणि खूप खपला. योकोई खेळणी बनवणारा झाला.

त्याची पुढची गोष्ट आगगाडीतली. शिन्कान्सेनच्या प्रवासात कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. योकोईला वाटलं, असंच छोटं, चारचौघांत ओशाळं न वाटता खेळता येईल असं काही केलं तर? हा विचार त्याने यामाउचींच्या कानावर घातला तो त्यांची गाडी चालवताना. चालक आजारी होता म्हणून योकोई चाकावर बसला होता. त्या दिवशीच्या बैठकीत यामाउचींच्या शेजारी शार्प कंपनीचे प्रमुख होते. शार्प आणि कॅसिओ यांच्या कॅल्क्युलेटरच्या लढाईत लिक्विड क्रिस्टलच्या काचा स्वस्त झाल्या होत्या, त्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं. 1980 मध्ये 'गेम अँड वॉच' आला: एका काचेवर एक खेळ आणि कोपऱ्यात घड्याळ. सगळे प्रकार मिळून तो 4 कोटींहून जास्त विकला गेला. 1982 च्या त्यातल्याच एका खेळासाठी योकोईने अधिक चिन्हाच्या आकाराचं चौदिशांचं बटण काढलं. आज जगातल्या बहुतेक गेम कन्सोलवर अंगठ्याखाली असतं ते हेच.

जुनी, स्वस्त, रुळलेली

योकोईचा एक सिद्धान्त होता. नव्यात नवं तंत्र धरून धावू नये. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याचे सगळे रुसवेफुगवे माहीत झालेत असं तंत्र घ्यावं आणि ते कुणी वापरलं नसेल अशा जागी लावावं. गेम बॉय हा त्या सिद्धान्ताचा सगळ्यांत मोठा पुरावा. योकोई आणि त्याचा सहकारी सातोरू ओकादा यांच्या गटाने तो घडवला. 21 एप्रिल 1989 ला जपानात 12,500 येनला विक्री सुरू झाली. त्याच वर्षी जुलैअखेर अमेरिकेत 89.99 डॉलरला.

त्याच्या पोटात होतं काय? शार्पने बनवलेली 8-बिटची चिप, चाल सुमारे 4.19 मेगाहर्ट्झ. कामाची स्मृती 8 किलोबाइट. काच 160 गुणिले 144 ठिपक्यांची, रंग म्हणाल तर शेवाळी हिरव्यावर चार छटा. मागे दिवा नाही. आणि पाठीत चार पेन्सिल सेल. यंत्राच्या पाठीवर छापलेला वीजवापर 0.7 वॅट.

दिवा नसणं हीच त्याची कमाई होती. लिक्विड क्रिस्टल स्वतः उजेड देत नाही. तो बाहेरून आलेल्या उजेडाला वाट देतो किंवा अडवतो. काचेच्या मागेपुढे ध्रुवीकरणाच्या दोन पट्ट्या असतात. वीज दिली की मधल्या द्रवाचे रेणू वळतात, उजेडाची वाट बंद होते आणि तेवढा ठिपका काळा दिसतो. एवढ्याला वीज नाममात्र लागते. दिवा लावला, रंग आणले की सेल भराभर रिकामे होतात. अटारीचा लिंक्स त्याच 1989 साली आला. रंगीत, उजळ, देखणा, आणि सहा सेल चार-पाच तासांत गिळणारा. सेगाचा गेम गिअर 1990 मध्ये आला, त्याचीही तीच गत. गेम बॉय चार सेलांवर पंधराएक तास सहज चालत असे. प्रतिस्पर्धी रंगीत यंत्र आणतोय असं कळल्यावर योकोई निर्धास्त झाला, असं सांगतात. गेम गिअर सुमारे 1 कोटी विकला गेला. गेम बॉय आणि 1998 मध्ये आलेला त्याचा रंगीत अवतार मिळून 11 कोटी 86 लाखांवर गेले.

माझ्या मते या लढाईचा निकाल टोकियो-न्यूयॉर्कपेक्षा जोयड्यात बसून जास्त स्पष्ट कळतो. ज्याला सेल उन्हात तापवावे लागतात त्याला रंगीत काचेचं कौतुक किती वेळ राहील?

काचेबद्दल तक्रारी होत्या आणि त्या रास्त होत्या. वेगाने धावणाऱ्या चित्रामागे शेपूट राहायची. अंधारात काही दिसायचं नाही, म्हणून गेम बॉयवर चिकटवायचे दिवे आणि भिंगं यांचा एक वेगळाच धंदा उभा राहिला. पण भर उन्हात ही काच मोबाइलच्या काचेहून स्वच्छ दिसते. परावर्तित उजेडावर चालणाऱ्या वस्तूला ऊन अडचणीचं नसतं.

मजबुतीचे किस्से तर पुष्कळ. आखाती युद्धात बराकीवर बॉम्ब पडून होरपळलेला एक गेम बॉय अमेरिकी सैनिकाने कंपनीकडे पाठवला. कवच वितळलेलं, बटणं जळलेली, तरी तो चालू झाला. पुढे तो न्यूयॉर्कच्या निन्टेंडो दुकानात काचेआड ठेवला गेला. एक गेम बॉय 1993 मध्ये रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांच्यासोबत मीर स्थानकावरही जाऊन आला.

मॉस्कोच्या विटा

सेरेब्रोव यांच्या गेम बॉयमध्ये टेट्रिस होता, आणि त्या पिवळ्या डब्यातही तोच आहे. दोन्ही यंत्रांना जोडणारा धागा हा.

मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव हा संशोधक कामाला होता. 1984 मध्ये एलेक्ट्रोनिका 60 या संगणकावर त्याने हा खेळ लिहिला. त्या संगणकाला चित्रं काढताच येत नव्हती; विटा दाखवल्या त्या कंसांच्या चिन्हांनी. चार चौकोन जोडून होणाऱ्या सात आकृती वरून पडतात, फिरवून बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. वाचता येत नसलेल्या माणसालाही हा खेळ कळतो. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो आधी मॉस्कोत आणि मग हंगेरीमार्गे पश्चिमेत पसरला. हक्कांवरून अशी गुंतागुंत झाली की कोण कुणाला काय विकतोय हे विकणाऱ्यांनाही सांगता येईना. अखेर फेब्रुवारी 1989 मध्ये हेंक रॉजर्स हा डच व्यापारी थेट मॉस्कोत सरकारी निर्यात संस्थेच्या दारात उभा राहिला आणि हातातल्या यंत्रासाठीचे हक्क घेऊन आला. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेला त्याने पटवलं की मारिओ दिला तर मुलगे घेतील, टेट्रिस दिला तर सगळेच घेतील. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यात टेट्रिसची कॅसेट घालूनच विक्री झाली. पाजित्नोवला स्वतःच्या खेळाचे पैसे मिळू लागले ते 1996 नंतर, सोव्हिएत संघ मोडून गेल्यावर.

मग चिनी कारखान्यांनी जे केलं ते योकोईच्या सिद्धान्ताला आणखी एक पायरी खाली नेणारं होतं. टेट्रिसला 160 गुणिले 144 ठिपके लागतच नाहीत. दोनशे चौकोन पुरतात. 8-बिटची चिप लागत नाही. कॅल्क्युलेटरच्या जातीची 4-बिटची चालते, तैवानच्या होल्टेकने बनवलेली वगैरे. कॅसेट नको, चार सेल नकोत, दोन पुरेत. परवाना? तो विचारायला जत्रेत कोण येणार!

9999 खेळांचं गौडबंगालही त्या दोनशे चौकोनांतच आहे. खरे खेळ मोजके: विटा, साप, रणगाडे, मोटारींची शर्यत, रस्ता ओलांडणारा बेडूक, भिंत फोडणारा चेंडू. त्यांनाच वेग, पातळी, आरशातली उलटी चाल असे फेरफार लावून आकडा फुगवलेला. दुकानात बसलेल्यांपैकी एकाने लहानपणी 1 पासून सुरुवात करून सगळे खेळ खेळून बघायचा चंग बांधला होता. फसवणूक लक्षात यायला त्याला एक मे महिना लागला. "पण राग नाही आला हो. तोवर विटांची गोडी लागलेली."

चार सेल आणि एक न वापरलेली तार

खरा गेम बॉय तालुक्यात कुठेच नव्हता असं नाही. जोयडा गावातल्या एका मराठी शाळेच्या निवृत्त शिक्षकांच्या घरी मला तो बघायला मिळाला. त्यांचे मेहुणे गोव्याहून बोटीवर कामाला होते. या पट्ट्यात परदेशी वस्तूची वाट तीच. भारतात परदेशी चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर संख्येचे निर्बंध होते, ते शेवटी उठले 1 एप्रिल 2001 ला. तोवर अशी वस्तू यायची ती आखातातून परतणाऱ्याच्या किंवा तारवटीच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्याच्या, ट्रंकेतून, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या बाजारातून. शहरांत टीव्हीला जोडायच्या खेळांची लाट येऊन गेली, पण त्याला टीव्ही हवा, टीव्हीला वीज हवी. सीमेवरून माल येणं या मुलखाला नवं नव्हतंच. पोर्तुगीज काळात याच तालुक्यातल्या कॅसलरॉकला आगगाडी थांबवून जकातवाले सामान उघडायचे.

सरांनी पितळी डब्यातून गेम बॉय काढला. करड्या रंगाचा, पिवळट पडलेला, पण काचेवर ओरखडा नाही. "मुलांना हात लावू द्यायचो नाही, हे खरं कारण," ते म्हणाले. "आणि चार सेल. चार सेल एकदम गेममध्ये घालायचे म्हणजे घरात भांडण. चार सेलांत रेडिओ महिनाभर चालायचा." सुट्टीत मेहुणे यायचे तेव्हा सेलांची पाकिटं घेऊन यायचे आणि तेवढे दिवस यंत्र चालायचं. कॅसेटवरची अक्षरं जपानी. टेट्रिसला त्याचं काही वाटलं नाही, दुसऱ्या एका खेळात मात्र पहिल्या पाटीच्या पुढे कधीच कुणी गेलं नाही, कारण ती काय विचारते तेच कळत नव्हतं.

डब्याच्या तळाशी एक काळी तार होती, कारखान्यातून आली तशी दोऱ्याने बांधलेली. दोन गेम बॉय एकमेकांना जोडायची ही तार. 1996 मध्ये आलेल्या पोकेमॉनचा सगळा डोलारा हिच्यावर उभा होता. लहानपणी किडे पकडायचा नाद असलेल्या सातोशी ताजिरीला या तारेतून किडा सरपटत एका यंत्रातून दुसऱ्यात जातोय असं सुचलं, आणि त्यातून अदलाबदलीचा खेळ जन्मला. म्हातारा होत चाललेला गेम बॉय त्याने पुन्हा खपू लागला. पण तारेला दुसरं टोक लागतं. सरांच्या माहितीत जोयड्यात दुसरा गेम बॉय नव्हता. ब्रिक गेमला तार नव्हती, तरी तो एकट्याने कुणी खेळला नाही. एकाच्या हातात यंत्र आणि चौघं मानेवरून वाकून 'आडवी कर, आडवी कर' ओरडतायत, असंच सगळ्यांनी मला सांगितलं.

सरांनी घड्याळातला आणि रिमोटांतले तीन असे सेल काढून घातले. वरून कंपनीचं नाव सावकाश खाली उतरलं, 'टिंग' झालं, आणि बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, रिमोट परत जागेवर ठेवा."

त्यानंतर

योकोईचा शेवट हळहळ लावणारा आहे. 1995 मध्ये त्याने डोळ्यांना लावून बघायचा लाल चित्रांचा 'व्हर्च्युअल बॉय' काढला. तो सपशेल पडला. 1996 मध्ये तो निन्टेंडोतून बाहेर पडला, स्वतःची संस्था काढली, बान्दाई कंपनीसाठी एका सेलावर चालणाऱ्या नव्या यंत्राच्या कामाला लागला. 4 ऑक्टोबर 1997 ला हमरस्त्यावरच्या अपघातात तो गेला. ते यंत्र, वंडरस्वान, 1999 मध्ये त्याच्या माघारी आलं. गेम बॉयचं उत्पादन 2003 साली थांबलं.

त्याच 2003 साली नोकियाचा 1100 आला. काळी-पांढरी काच, धुळीपासून जपणारा एकसंध कीपॅड, डोक्यावर टॉर्च, आत सापाचा खेळ. कॅमेरे आणि रंगीत काचांच्या काळात हे जुनं तंत्र मुद्दाम निवडलेलं होतं, आणि त्याचे सुमारे 25 कोटी नग खपले. योकोईचा खरा वारस मला तो वाटतो. ब्रिक गेमही त्याच्यासमोरच मेला. रामनगरचे दुकानदार सांगतात की सापाने विटा खाल्ल्या. पोरांनी बापाचा फोन मागायला सुरुवात केली आणि जत्रेतला डबा कुणी उचलेना.

आता वाड्यांवर सौरदिवे आहेत, बऱ्याच ठिकाणी तारा पोचल्या आहेत, हातोहाती स्मार्टफोन आहेत. रेंज मात्र टेकडी बघून येते. 2020 च्या टाळेबंदीत या जिल्ह्यातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर जाऊन बसत होती. नेट नसेल तर फोनवरचे निम्मे खेळ उघडतच नाहीत. खेळायच्या आधी ते दूरच्या कुठल्यातरी संगणकाची परवानगी मागतात. कुंभारवाड्याकडच्या एका मुलाला मी दुकानदारांकडून मागून घेतलेला पिवळा डबा दिला. त्याने काचेवर बोट फिरवून बघितलं, काही होईना, मग बटणं सापडली. पाच मिनिटांत त्याच्या मानेवरून वाकून तिघं ओरडत होते.

चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांच्या माळ्यावर असा एखादा डबा, क्वचित खरा गेम बॉयही, पडलेला असेल. तो उतरवा आणि आधी सेल काढा. साध्या सेलाचं बाहेरचं भांडं जस्ताचं असतं. वर्षानुवर्षं आत राहिलं की ते झिजून फुटतं आणि आतला क्षार स्प्रिंग खातो. अशा यंत्रांचा मृत्यू बहुतेक वेळा यानेच होतो, म्हातारपणाने नाही. स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, बारीक पॉलिश पेपरने घासा. बटण मेलं असेल तर पेन्सिल आहेच. नवे सेल घालून अंगणात, उन्हात बसा आणि शेजारच्या पोरांना हाक मारा. आणि काढलेले जुने सेल परसात पुरू नका किंवा ओहोळात टाकू नका. गावात जुनी बॅटरी घेणारा कुणी असेल त्याला द्या, नसेल तर शहरात जाताना बरोबर न्या.